आईचा इंग्रजीचा पेपर

माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, घरोघर फिरून लेकरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची आणि पुन्हा कुलूप लावायचं, हे तिचं काम. खुर्चीवर बसून रजिस्टर लिहिते ती सेविका. आई मदतनीस म्हणून लागली तेव्हा मी त्याच अंगणवाडीत बसून खिचडी खात होते, एवढी वर्षं झाली त्याला.

मी मानवतच्या कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. जुन्या सेविकाबाईंना निवृत्त व्हायला दोनेक वर्षं राहिली होती. तालुक्याहून तपासणीला आलेल्या एक मॅडम जाता जाता आईला म्हणाल्या, "तुमची दहावी झालेली असती ना, तर या जागेवर पहिला हक्क तुमचा होता. बघा, अजून वेळ आहे." एवढं बोलून त्या जीपमध्ये बसल्या. आईनं हे आम्हाला संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. वडील म्हणाले, "मंग भर की फॉर्म." आईला हे अपेक्षित नसावं. तिची तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली आणि ती करपली.

आईचं शिक्षण नववीपर्यंत. तिचं माहेर देवगाव फाट्याजवळ. नववीची परीक्षा दिली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. निकाल बघायला कुणी गेलंच नाही. बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याला शाळेचा दाखला लागतो, म्हणून वडील गाडीवर तिच्या जुन्या शाळेत गेले. दाखल्यावर 'नववी उत्तीर्ण' असं लिहिलेलं होतं. आपण नववी पास झालो होतो हे आईला बावीस वर्षांनी कळलं. तिनं तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ वाचला.

पहिल्या खेपेला ती इंग्रजी सोडून सगळ्या विषयांत पास झाली. गणितातसुद्धा. मराठीत एकाहत्तर मार्क पडले. इंग्रजीत एकोणीस. वडील पेढे घेऊन आले होते, ते त्यांनी तसेच फडताळात ठेवून दिले. आई म्हणाली, "वाटा की. एकच तर ऱ्हायलाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "इंग्रजी तू शिकिव मला. तू कॉलेजात हायेस."

मी कॉलेजात होते खरी, पण मराठी आणि इतिहास घेऊन. इंग्रजी मी दहावीला आणि बारावीला गाईड पाठ करून काढलं होतं. पण बारा काळांचा तक्ता मला तोंडपाठ होता, आणि तक्ता पाठ असला की इंग्रजी येतं अशी माझी त्या वयात पक्की समजूत होती.

दुपारच्या एसटीनं मी मानवतहून यायची तोवर लेकरं घरी गेलेली असायची, सेविकाबाईही गेलेल्या असायच्या. अंगणवाडीच्या भिंतीला खालून हातभर काळा रंग दिलेला होता, लेकरांना रेघोट्या मारायला. तोच आमचा फळा. तो एवढा खाली होता की शिकवणारीलाही फतकल मारूनच बसावं लागायचं. मी तक्ता लिहायची, आई वहीत उतरवून घ्यायची.

पहिला अडथळा लगेच आला. गाईडमध्ये लिहिलं होतं, मी जात आहे, आय ॲम गोइंग.

"असं कोण बोलतंय?" आई म्हणाली. "आपण 'मी जायले' म्हणतो."

"तेच गं ते."

"मंग 'जायले' असं का न्हाई लिव्हलं?"

 तेव्हा तिला आधी पुस्तकातली मराठी शिकवावी लागली. 'जायले' म्हणजे 'जात आहे', आणि 'जात आहे' म्हणजे 'आय ॲम गोइंग'. 'खायलेत' म्हणजे 'खात आहेत', आणि मग पुढं 'दे आर ईटिंग'. प्रत्येक वाक्य ती असं दोन घरं फिरून आणायची. मला वाटायचं, ही मुद्दाम वेळ लावते.

दुसरा अडथळा एसचा. तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असला की क्रियापदाला एस लागतो हे मी सांगितलं. शी कुक्स. दे कुक.

"एकटी असली की एस, आन् लयजणी असल्या की न्हाई?"

"हो."

"पण काल तू बुकचं बुक्स केलंस. तवा तर लय असल्यावर एस लागला."

"ते नाम होतं. हे क्रियापद आहे."

"पण एस तर तोच हाय ना?"

मी म्हणाले, "आई, का विचारू नकोस, पाठ कर." हे वाक्य त्या वर्षात मी किती वेळा म्हणाले असेन त्याला गणती नाही.

तरी मधले काही दिवस चांगले गेले. एकदा मी तिला म्हणाले, तू दिवसभर जे करतेस तेच लिही. दुसऱ्या दिवशी तिनं वहीचं पान भरून आणलं. आय ओपन द लॉक. आय स्वीप द रूम. आय ब्रिंग द चिल्ड्रेन. एकही चूक नव्हती. खिचडी ढवळताना ती मोठ्यानं 'आय ॲम कुकिंग' म्हणायची आणि पोरं ताटल्या वाजवत तिच्या मागं म्हणायची. जुन्या सेविकाबाई हसायच्या, पण वाईट अर्थानं नाही. "या खेपेला निघतं बघा तुमचं," असं त्याच आईला म्हणाल्या होत्या.

मग दिवाळीनंतर आम्ही भूतकाळावर आलो. गोचं वेंट, कमचं केम, ईटचं एट. ही रूपं आईनं चूल पेटवताना, पाणी भरताना म्हणून म्हणून पाठ केली. त्यानंतर नकारार्थी वाक्य. मी भिंतीवर लिहिलं, आय वेंट. आणि त्याखाली, आय डिड नॉट वेंट.

आई त्या ओळीकडं बघत राहिली.

"डिड म्हंजी केलं ना?"

"हो. डूचं डिड."

"म्हंजी ते झालेलं हाय हे डिडनंच सांगितलं. मंग पुन्हा वेंट कशाला? एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची?"

"भूतकाळ आला की दुसरं रूप. डोळे झाकून."

"पण बाई, मला वाटतंय तिथं..."

"तुला काय वाटतं ते पेपरात लिहायचं नसतं!" मी खडू खाली आपटला. "किती दिवस झाले तेच ते सांगायले मी. तुझ्या डोक्यात जाणारच न्हाई. कशाला फॉर्म भरलास?"

समोरच्या नळावर दोन बायका पाणी भरत होत्या. त्यांनी वळून बघितलं. आईनं खाली पडलेल्या खडूचे तुकडे वेचले, डब्यात ठेवले, आणि वहीत लिहून घेतलं, आय डिड नॉट वेंट. खाली आणखी दहा वाक्यं त्याच पद्धतीनं केली. डिड नॉट केम. डिड नॉट एट. मी तपासून दहाच्या दहा बरोबर दिली.

मार्चमध्ये तिचं सेंटर मानवतला आलं. मी सोबत गेले. शाळेच्या फाटकावर पोलीस होता आणि एक शिपाई होता. शिपायानं आईला हात आडवा केला, "पालकांनी बाहेर थांबायचं." आणि मला म्हणाला, "जा बाळ, घंटा व्हायलीय." आईनं पिशवीतून हॉल तिकीट काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं फोटो बघितला, आईकडं बघितलं, आणि हसला नाही, उलट ओशाळून बाजूला झाला. आईला त्याचं ओशाळणंच जास्त लागलं असावं. पटांगणातून जाताना तिनं पदर डोक्यावरून घेतला, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी तीन तास बाहेर लिंबाखाली बसून होते.

बाहेर आल्यावर ती खूश होती. "समदा पेपर सोडवला. डिडचा सवाल आला व्हता. तीन वाक्यं. तू सांगितलं तसंच लिव्हलं."

निकाल लागला. इंग्रजीत चोवीस.

 आई म्हणाली, "पाच वाढले." मला मात्र राग आला होता, तो तपासणाऱ्यावर. एवढा पेपर सोडवून चोवीस कसे? मी उत्तरपत्रिकेच्या नकलेसाठी अर्ज केला. काही दिवसांनी ती आली. घरी आईसमोर न उघडता मी ती कॉलेजात घेऊन गेले आणि लायब्ररीत बसून उघडली.

आईचं अक्षर मोठं, गोल. उताऱ्यावरच्या प्रश्नांत तिला थोडे मार्क होते. पत्र अर्धंच जमलं होतं. व्याकरणाच्या पानावर तीन वाक्यांना तीन गोल होते. आय डिड नॉट वेंट टू स्कूल, त्यातल्या वेंटला गोल. पुढं केमला गोल. पुढं सॉला गोल. मला खरंच वाटलं, तपासणाऱ्याची चूक आहे. मी ते पान घेऊन इंग्रजीच्या सरांकडं गेले.

सरांनी एक नजर टाकली. "बरोबर तपासलंय. डिडनंतर पहिलं रूप येतं. डिड नॉट गो. भूतकाळ डिडनं दाखवला ना, मग परत कशाला दाखवायचा?"

आईचेच शब्द होते ते.

"हे तर शाळेतच शिकवतात," सर म्हणाले. "या बाईंना कुणी शिकवलं हे?"

मी म्हणाले, "गावातल्या एका मुलीनं."

सर हसले. "मग तिलाच आधी शिकवा."

त्या तीन वाक्यांचे मार्क मिळाले असते तरी आई पास झाली नसती. हे मी त्या दिवशी लायब्ररीत बसून तीनतीनदा पडताळून पाहिलं, आणि त्यातून मला जो आधार हवा होता तो मिळाला नाही. बाकीच्या पानांवर तिनं जी चुकीची वाक्यं केली होती, त्यांतली किती माझी होती हे कोण सांगणार? आणि किती ठिकाणी तिला बरोबर वाटत होतं, पण मी ओरडले होते म्हणून तिनं ते लिहिलं नसेल?

घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काय चुकलं व्हतं?"

"असंच. थोडं थोडं सगळीकडं."

"माझंच चुकलं असंल. तू तर नीट सांगितलं व्हतंस."

मी ती नक्कल माझ्या पुस्तकांच्या खाली सारून ठेवली. त्यानंतर मी तिला शिकवायला बसलेच नाही. माझं शेवटचं वर्ष आहे, अभ्यास आहे, असं सांगत गेले. खरं कारण असं होतं, की बसले असते तर ते डिडचं पान पुन्हा उघडावं लागलं असतं. आईनं आग्रह धरला नाही. दुपारी मी एसटीतून उतरून सरळ घरी यायची, तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर ती जुनी वही मांडीवर घेऊन एकटीच बसलेली दिसायची. ओठ हलत असायचे.

त्या पावसाळ्यात सेविकाबाई निवृत्त झाल्या. दिवाळीनंतर जागेची जाहिरात आली, ती वडिलांच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवली. मी वाचून दाखवली. शिक्षणाची अट बारावी पास अशी झाली होती. आईनं मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "दहावी न्हाई का कुठं?"

"न्हाई."

"म्हंजी पास झाले असते तरी..."

"हो."

ती उठून बाहेर गेली. वडील म्हणाले, "आता सोड हे." तिनं बाहेरूनच, "फॉर्म भरून झालाय मार्चचा," असं उत्तर दिलं.

त्या जागेवर गावातलीच एक सून लागली. बारावी झालेली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. स्वभावानं चांगली. आईला काकू म्हणायची. पहिले सहा महिने आईनंच तिला सगळं शिकवलं, कोणत्या लेकराला डाळ चालत नाही, कोणत्या घरी लेकराचं वजन-माप घ्यायला गेलं की सासू आडवी येते, रजिस्टरात कुठं काय असतं. आईला ते रजिस्टर तोंडपाठ होतं, तिनं फक्त त्यात कधी लिहिलं नव्हतं. एकदा त्या सेविकेनं कळवळून म्हटलं, "काकू, इथं तुमीच पायजे व्हत्या." आई म्हणाली, "आसूं दे बाई. तू आलीस ते बरंच झालं." खोटं बोलताना आई समोरच्याकडं बघत नाही. तेव्हाही ती तांदूळ निवडत होती.

मार्चमध्ये ती तिसऱ्यांदा पेपरला गेली. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भरलाय फॉर्म, तर जाऊन येते." या खेपेला मी सोबत गेले नाही, माझी स्वतःची परीक्षा जवळ आली होती. ती एकटीच एसटीनं गेली आणि एकटीच आली. निकालाच्या दिवशी मी मोबाईलवर बघून सांगितलं, बावीस.

"दोन कमी झाले," ती म्हणाली, आणि गाईड पोत्यात भरून माळ्यावर टाकायला वडिलांकडं दिलं. वही मात्र तिनं दिली नाही.

पुढं मी परभणीला बीएड केलं. डिडनंतर पहिलं रूप येतं हे मी तिथं पुन्हा शिकले, तेही नीट कारणासकट. आईला सांगायला आणखी तीन वर्षं लागली. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी दुपारी अंगणात तूर निवडत होतो. कुठून धीर आला माहीत नाही, मी सगळं सांगून टाकलं. तीन गोल, सरांचं बोलणं, गावातली एक मुलगी म्हणाले तेही.

आईचे हात थांबले नाहीत. "मंग बरोबर काय व्हतं?"

"आय डिड नॉट गो."

"म्हंजी मी म्हणत व्हते तसंच."

"हो."

 मला वाटलं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती सुपातला एक खडा बोटानं बाजूला करत म्हणाली, "तवाच सांगितलं असतंस, तर तिसऱ्या बारीला तरी बरोबर लिव्हलं असतं. त्या वक्ताला बी तेच आलं व्हतं. वहीत बघून पाठ केलं व्हतं मी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझी लाज झाकून बसले, आणि ती ओट्यावर एकटी बसून माझी चूक पाठ करत राहिली. मी दहाच्या दहा बरोबर दिलेलं पान होतं ते. तिनं त्यावर विश्वास ठेवला.

"माफ कर आई," मी म्हणाले.

"त्याला काय करायचं आता," ती म्हणाली, आणि सूप उचलून घरात गेली. ती मला कधी टाकून बोलली नाही, त्यानंतरही नाही. पण त्यानंतर तिनं मला कधी काही विचारलंही नाही. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, मोबाईलवर कसला मेसेज आलाय, असं पूर्वी ती दिवसातून दहादा विचारायची. आता ती ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेते.

मी आज मानवतच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. दर जूनला पुन्हा अर्ज द्यावा लागतो, आणि ठेवतील की नाही हे शाळा उघडल्यावरच कळतं. वर्गात साठ पोरं आहेत. ती घरी 'जायलाय' आणि 'करायलीय' बोलतात आणि शाळेत 'इज गोइंग'चा तक्ता ओरडतात. मधूनच एखादं हात वर करून 'का' विचारतं. मला पोर्शन संपवायचा असतो, घंटा होत आलेली असते. मी म्हणते, पाठ करा. तोंडातून शब्द जाईपर्यंत मला कळतही नाही.

आईच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. रोज सकाळी ती किल्ल्या घेऊन निघते. यंदा दहावीच्या फॉर्मची तारीख वडिलांनी कुठंतरी वाचली. जेवता जेवता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भरायचा का?"

"न्हाई," आई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.